फॉर्मवरचा अंगठा

गारखेड्याच्या त्या गल्लीत ड्रेनेजची लाईन टाकायची होती, पण रस्ता फोडायचा नव्हता. गल्लीच्या एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला खड्डा, आणि मधल्या साडेतीनशे फुटांत जमिनीच्या पोटातून रॉड आडवा सरकत जायचा. रॉडचं तोंड कुठं पोचलं हे वरून यंत्र धरून चालणारा एक माणूस सांगायचा. तो माणूस म्हणजे कन्नडकडचा बद्रीनाथ. जमिनीखालचं आपल्याला दिसतं म्हणून गडी लई ताठ्यात चालायचा.

काम सुरू करायच्या आधी दर घरी जाऊन विचारायचं असतं. आवारात विहीर हाय का, बोअर हाय का, जुनी टाकी हाय का. विचारून फॉर्म भरायचा आणि घरच्यांची सही घ्यायची. विहीर निघाली तर लाईन बाजूला न्यावी लागते. बद्रीनाथनं काय करावं? चौदा घरांचे चौदा फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले. शहरातल्या कॉलनीत कुठली आलीय विहीर, विहिरी आमच्या गावाकडं, असा त्याचा हिशेब. तेरा घरांच्या सह्या त्यानं आपल्याच हातानं वेड्यावाकड्या ठोकल्या. चौदावं घर अमिना बींचं. डोक्यावर ओढणी घेतलेली म्हातारी बाई त्यानं फाटकात उभी बघितली होती. ही कशाची सही करतीय, असं म्हणून त्यानं शाईच्या पॅडवर स्वतःचा डावा अंगठा दाबला आणि त्यांच्या नावापुढं उमटवला. वर हसलासुद्धा, मेला.

तिसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अमिना बींनी त्याला फाटकातून हाक मारली आणि पाण्याचा कटोरा पुढं केला. पाणी असं गार की दात ठणकले. फ्रीजचं हाय का, त्यानं विचारलं. त्यांनी फाटकाशेजारच्या पत्र्याच्या झाकणाकडं बोट दाखवलं. बावडीचं हाय, म्हणाल्या. सासऱ्यांनी खोदलेली, कधी आटली नाही, उन्हाळ्यात गल्लीतली सात घरं हिच्यावरच निभावतात. बद्रीनाथनं कटोरा खाली घेतला आणि कुंपणाकडं बघितलं. विहीर कुंपणाला लागून होती, आणि कुंपणाबाहेर चार फुटांवर त्यानंच आखलेली खडूची रेघ.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मग फॉर्मचं सगळं बाहेर आलं असतं ना! चार फूट म्हणजे लई झाले, अशी स्वतःची समजूत घालून तो गप बसला, आणि रोज दुपारी त्याच फाटकात जाऊन तेच पाणी प्यायला लागला. अमिना बी खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या असायच्या, एक उर्दू, एक मराठी. ते पेपर दिसले की डावा अंगठा मुठीत लपवावा असं त्याला व्हायचं. कटोरा परत घेताना त्या न चुकता म्हणायच्या, "कल आना, बेटा."

दहाव्या दिवशी रॉड खडकाला लागून सरकला आणि विहिरीचं बांधकाम फोडून आत घुसला. भोक ढासळू नये म्हणून रॉडमधून राखाडी चिखल सोडत असतात, तो भसाभसा विहिरीत उतरला. अमिना बींनी पोहरा वर ओढला तर आत पाणी नाहीच, सिमेंट कालवल्यासारखा राबडा. गल्ली गोळा झाली.

सुपरवायझर काकासाहेब धावत आले. दुपारी त्याच भोकातून पाइप ओढायचा होता. एकदा तो ओढला की साऱ्या गल्लीचा मैला विहिरीच्या पोटातून वाहणार, म्हणजे विहीर संपलीच. काकासाहेब म्हणाले, लाईन मंजूर झालेली हाय, आता वळत नाय. विहीर नाही असं तुम्हीच लिहून दिलंय, हा बघा तुमचा अंगठा.

अमिना बींनी कागद घेतला. चष्मा पुसला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"अंगूठा?" त्या म्हणाल्या. "तीस साल स्कूल में पढाया मैंने. मेरा अंगूठा?"

आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. मग गर्दीत फिरणारी त्यांची नजर बद्रीनाथवर येऊन थांबली आणि चेहरा जरा सैल झाला.

"इसको पूछो," त्या काकासाहेबांना म्हणाल्या. "रोज इसी बावडी का पानी पीता. ये झूट नै बोलता."

बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला त्याची आई, सरूबाई, आठवली. रेशनच्या दुकानात अंगठा द्यावा लागला की घरी येईस्तोवर ती शाई पदराला पुसत राहायची, कुणी बघू नये म्हणून. आईला ज्याची लाज वाटायची तेच आपण दुसऱ्या बाईच्या नावापुढं लावलं, आणि वर हसलो.

"अंगठा माझाय," तो म्हणाला.

काकासाहेबांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. मग तो मोठ्यानं बोलला. "फॉर्म मी टपरीवर बसून भरलाय, साहेब. ह्या घरी विचारलंच नाय. विहीर तिसऱ्या दिवशी दिसली, तरी गप बसलो." आणि डावा हात त्यानं सगळ्यांसमोर धरला. अमिना बी त्या हाताकडं बघत राहिल्या, त्याच्या तोंडाकडं त्यांनी बघितलंच नाही.

पाइप ओढला गेला नाही. भोक बुजवलं, लाईन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घेतली. बद्रीनाथच्या हातातलं यंत्र काढून दुसऱ्याला दिलं. तो दोन दिवस विहिरीत उतरून चिखल उपसत राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. वर दोर ओढायला अमिना बींचा मुलगा इलियास, शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेला.

तिसऱ्या दिवशी नवा फॉर्म आला. अमिना बींनी तो स्वतः भरला, वळणदार मराठीत, विहिरीची खोलीसुद्धा लिहिली. खाली सही केली आणि पेन बद्रीनाथपुढं धरलं, साक्षीदार म्हणून. त्याला स्वतःची सही धड जमेना.

त्या आत गेल्या आणि कटोरा घेऊन आल्या. त्याचा हात पुढं होईना.

"पी," त्या म्हणाल्या. "जारचं हाय. विकतचं."

तो उभ्या उभ्या प्यायला. पाणी कोमट होतं आणि त्याला प्लॅस्टिकचा वास येत होता. सगळं संपवून त्यानं कटोरा परत दिला आणि सवयीनं थोडा थांबला. अमिना बी 'कल आना' म्हणाल्या नाहीत. तो बाहेर पडल्यावर त्यांनी फाटकाला कडी लावली.