तीनशे चाळीसचा मॅप

टर्बोचा दांडा बोटाने मागे-पुढे ढकलला तेव्हा डायल गेजचा काटा अकरा रेघा सरकला. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. नऊपर्यंत चालतं. मी गेज शून्यावर आणून आणखी दोनदा मोजलं. अकराच आलं.

"पाच महिन्यांत एवढा सैल?" बंटीने विचारलं. बंटी माझा धाकटा भाऊ. शहापूरचं हे गॅरेज त्याचं. मी सकाळी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि दुपारी इथे येऊन गाड्यांचे मॅप लिहिते. मॅप म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधले तक्ते. टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे सगळं त्यात असतं.

गाडी मुरबाडच्या आदेशची. दोन दारांची, लाल. ती बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलंय. तिचं इंजिन फुटलं तर दुसरं मिळणार नाही, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. मूळ टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, अडीचशे न्यूटन मीटर. मोठा टर्बो बसवून मी तो तीनशे चाळीसवर नेला होता. तो आकडा बंटीने मागच्या काचेवर स्टिकर करून लावला, आणि तो वाचून कल्याणहून दोन मुलगे आमचा पत्ता शोधत आले. "मॅप लिहिणारे सर कुठायत?" असं त्यांनी मलाच विचारलं होतं.

पुढच्या महिन्यात नाशिककडे चढाईची शर्यत होती. रस्ता बंद करून घेतात, एकामागोमाग एक तीन फेऱ्या. आदेश दोन वर्षं तिची वाट पाहत होता.

"ताई, माझं कायतरी चुकत असंल," तो म्हणाला. "तुमी एकदा बाजूला बसून बघा ना."

रविवारी सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्याच्या गाडीत बसले. किन्हवलीवरून मुरबाड, तिथून टोकावडे. आदेश चांगला चालवतो. गिअर बदलताना हिसका बसत नाही, पुढे बैल दिसले तर शंभर फुटांवरूनच पाय उचलतो. वैशाखऱ्याच्या पुढे घाट लागला आणि त्याने गाडी दाबली. पडद्यावर दाब चढला, हवेचं तापमान चढलं. सगळं मी लिहिलं होतं तसंच.

घाट संपला. वळणावर एक शेंदूर लावलेला दगड होता. आदेशने गाडी कडेला घेतली, लगेच किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि उतरून हात जोडले. बाटलीतलं थोडं पाणी दगडावर ओतलं. आमच्या घरी कुणी असे हात जोडत नाही. मी बसून राहिले. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. मी त्या टिकटिकीकडे लक्ष दिलं आणि मला उलगडलं.

"हे दर वेळी करतोस?"

"म्हंजे? चढलो की करायचंच. आमचे बाबा वीस वर्षं या रस्त्याला जीप चालवत होते. घाट चढला की गाडी बंद, देवाला पाणी, इंजिनाला पाणी. मगच पुढं."

"बाबांच्या जीपला टर्बो होता?"

"कसला टर्बो! नऊ जणांच्या जागी सतरा बसायचे. दोघं उतरून ढकलायचे, तोच टर्बो."

मी त्याला समजावलं. टर्बोचं चाक चढावर लाल होईपर्यंत तापतं. त्याच्या दांड्याला थंड ठेवतं ते तेल, आणि तेल फिरतं ते इंजिन चालू असेपर्यंतच. इंजिन एकदम बंद केलं की तेल जागच्या जागी जळतं, कढईच्या बुडाला धरतं तसं. तो काळा थर बेअरिंग खातो. जुन्या जीपला विश्रांती म्हणून जे बरोबर होतं, तेच या गाडीला मारत होतं.

आदेश दगडाकडे बघत राहिला. "मग काय करू? देवाला न थांबताच जाऊ?"

"थांब. फक्त इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेव."

"चालू गाडी ठेवून हात जोडायचे? देव म्हणंल, याला भारी घाई झाली." मग स्वतःच हसला. "जाऊ दे. नारळ वाढवतो. तेवढा टाइम लागतोच."

परत येताना तो गाणं गुणगुणत होता. मी लॅपटॉप मिटून ठेवला होता.

त्यात पाच आठवड्यांपूर्वीची एक फाइल होती. तेव्हा आदेशने याच घाटात लागोपाठ तीन चढाया करून नोंदी मला पाठवल्या होत्या. पहिल्या दोन स्वच्छ होत्या. तिसरीत, इंजिनात शिरणारी हवा बासष्ट अंशांवर गेल्यावर, तिसऱ्या सिलिंडरमध्ये नॉकिंग होतं. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडीसारखा घाव बसतो. कंप्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकून सांभाळून घेतो, पण किती वेळा? मी फाइल वाचली, तिला नाव दिलं आणि ठेवून दिली. दुपार गरम होती, पेट्रोल हलकं असेल, आणखी एक नोंद येऊ दे. दर आठवड्याला मला नवं कारण सापडत होतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी प्रयोगवही परत दिली असती.

गॅरेजमध्ये बंटीने सगळं ऐकून मांडीवर थाप मारली. "म्हंजे मॅपचा दोष नायच! मी म्हणत होतो ना! आदेश, तूच तेल जाळलंस, लेका."

"मान्य," आदेश म्हणाला. "दांडा-बेअरिंग नवीन टाका. मी दोन मिनिटं थांबत जाईन. मग तीनशे चाळीस राहतंय ना, ताई?"

बंटी माझ्याऐवजी उत्तर द्यायला निघाला होता. "राहतंय म्हंजे काय..."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. टर्बो का सैल झाला याचं उत्तर खरं होतं, माझं मोजमाप बरोबर होतं, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला ते पुरेसं वाटत होतं. नाशिकला तिसऱ्या फेरीत पिस्टन फुटला असता, तरी सगळे त्या दगडाचंच नाव घेत राहिले असते.

मी लॅपटॉप उघडला, ती फाइल काढली आणि पडदा आदेशकडे वळवला. तिसऱ्या चढाईच्या रेषेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे, ताई?"

"हे नॉकिंग आहे. याचा तुझ्या थांबण्याशी काही संबंध नाही, हे माझ्या मॅपचं आहे, मी हवा फार दाबली. पाच आठवडे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

बंटी हळूच म्हणाला, "ताई, आता टॉर्क कमी केलास तर ही शर्यत..."

"तिन्ही फेऱ्या पुऱ्या होतील," मी म्हणाले. "आदेश, तीनशे चाळीस राहणार नाही. मी तुझी गाडी दोनशे नव्वदवर आणते आहे."