ऑलवेजची खुर्ची

आमच्या घरात तुम्हाला बसायला खुर्ची मिळेल, पण ती टिकेलच याची खात्री नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्यांची रांग आहे आणि संध्याकाळी मी तिथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नियम एकच. क्रियाविशेषण चुकीच्या जागी टाकलंत की उठायचं, शेजारच्या खुर्चीवर बसायचं आणि अख्खं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. डोक्यात शिरत नाही ते पायांतून शिरतं. बघणारे हसतात. हसू देत, माझं काय जातंय! माझ्याकडून शिकून गेलेला माणूस 'आय चेक ऑलवेज' म्हणत नाही, 'आय ऑलवेज चेक' म्हणतो. आणि 'आय अ‍ॅम' आलं की ऑलवेज त्याच्या मागे जाऊन बसतं, पुढे घुसत नाही, हेही त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

जोड्यांचं मी लग्नासारखं शिकवते. डीपली दिली आहे सॉरीच्या घरात, हाइली दिली आहे रेकमेंडच्या घरात. जिने तिने आपापल्या घरी नांदावं. एका नर्सबाईंनी 'हाइली सॉरी' म्हटलं तेव्हा मी सांगितलं, "बाई, पेशंट तुम्हाला माफ करेल, मी नाही करणार." तेव्हापासून त्या माझ्यासमोर सॉरी म्हणायच्याच बंद झाल्या.

माझा सगळ्यात दगड विद्यार्थी म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. कान असा तयार की लिफ्टचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखेल, पण ऑलवेज कुठे बसवायचं म्हटलं की घाम फुटतो. एकेका संध्याकाळी तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचा. वर्गात मला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला हसू आवरेना, मग सवय झाली.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. नव्या मालकांना आमच्या भागात एकच माणूस ठेवायचा होता, सुपरवायझर म्हणून, आणि तो इंग्रजी बोलणारा हवा होता. बाकीच्यांना महिनाअखेर नमस्कार. उरले होते दोघं. एक माझा नवरा आणि दुसरा त्याच्याच हाताखाली शिकलेला एक जण, ज्याला सगळे टायवाला म्हणायचे, कारण मशीन रूममध्ये सुद्धा तो टाय घालून जायचा. तोही माझ्याकडेच शिकायला. फी दिली होती त्याने, मी काय सांगू त्याला, येऊ नकोस म्हणून?

टायवाल्याला जोड्या पटापट यायच्या. अ‍ॅब्सोल्यूटली सर्टन, फुली सॅटिस्फाइड, पोपटासारख्या. एकदा उशिरा आला आणि वर ऐटीत म्हणतो, "आय अ‍ॅम ऑलवेज ऑन टाइम." जागा अगदी बरोबर. तरी मी त्याला उठवलं. म्हटलं, "जागा बरोबर, माणूस खोटा. ऑलवेज म्हणजे एकदाही चुकलं नसेल तर. नाहीतर युज्वली आहे, ऑलमोस्ट ऑलवेज आहे, ते काय शोभेला ठेवलेत?" सगळे हसले. नवरा हसला नाही. मान खाली घालून ऐकत होता.

मुलाखतीच्या दिवशी मीही गेले. तो म्हणाला, "तू बाहेर दिसलीस की मला धीर येतो." नव्या ऑफिसात मुलाखतीच्या खोलीला काचेचं दार होतं. दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं. आत एक साहेब, एक बाईसाहेब आणि टेबलाच्या अलीकडे ओळीने तीन खुर्च्या. त्या खुर्च्या बघून मी मनात म्हटलं, आता हा उठणार.

आणि झालंही तसंच. काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, जीभ चावली, आणि हा बाबा सरळ उठला! शेजारच्या खुर्चीवर बसला आणि पुन्हा बोलायला लागला. देवा रे! मी कपाळावर हात मारला. पण आतले दोघं खळखळून हसत होते. याने हातवारे करून आमचा वर्ग समजावून सांगितला, बाहेर माझ्याकडे बोट केलं, आणि बाईसाहेबांनी मला चक्क हात केला. मला वाटलं, जिंकलो. माझ्या बाजूला बसलेल्या टायवाल्याचा चेहरा उतरला होता.

मग साहेबांनी आणखी काहीतरी विचारलं. या वेळी नवरा उठला नाही. स्वतःच्या हातांकडे बघत काहीतरी बोलला. बाईसाहेबांचं हसू गेलं.

दुपारी निकाल सांगितला. टायवाल्याला घेतलं.

घरी आलो. स्वयंपाकघरात मी भांडं आपटलं आणि विचारलं, "काय विचारलं होतं त्यांनी?"

"लिफ्ट चालू करण्याआधी ब्रेक तपासतोस का, विचारलं. आधी जागा चुकली, म्हणून उठलो. मग बरोबर म्हटलं, आय ऑलवेज चेक द ब्रेक. ते खूष झाले. मग साहेब म्हणाले, ऑलवेज?"

"मग?"

"मी म्हटलं, ऑलमोस्ट ऑलवेज."

"पण का?"

त्याने सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि लिफ्ट अडकलेली. घरचे लोक याच्या अंगावर ओरडत होते. याने बिघाड काढला आणि ब्रेक न बघता तिला खाली सोडलं. ती सुखरूप पोचली. मागाहून याने ब्रेक तपासला, तो ठीक होता. कुणाला कळलं नाही, कुणी विचारलं नाही. याला मात्र त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

"अहो, पण त्यांना कुठे माहीत होतं!" मी ओरडले. "एक ऑलवेज म्हणायला जीभ झडत होती का? तो टायवाला म्हणालाच असेल ना? आता काय खायचं आपण, खुर्च्या?"

"बाईसाहेब म्हणाल्या, खरं बोललात, आभारी आहोत. पण या कामाला ऑलवेजवाला माणूस लागतो."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं."

मला इतका राग आला होता की रडूच फुटलं. पोरांसारखी रडले. माझंच शिकवणं माझ्या अंगाशी आलं होतं, आणि ज्याला ते लागू पडायला हवं होतं तो टाय सरळ करत पेढे वाटत फिरत असणार. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "एक विचारू? वाक्य चुकलं होतं का माझं?"

हो म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. चुकलं म्हटलं असतं तर त्याने निमूट ऐकलं असतं, पुढच्या ठिकाणी ऑलवेज म्हणाला असता, आणि आमच्या चुलीची काळजी मिटली असती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, विद्यार्थी बघतात तसा.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर होतं. शब्द न् शब्द."

त्याचा चेहरा उजळला. मेल्याला नोकरी गेल्याचंही भान नव्हतं.

"म्हणजे दुसरीकडे विचारलं, तर हेच सांगायचं ना?"

मी डोळे पुसले.

"हो," मी म्हटलं, "हेच सांगा."