कारण कळवले जात नाही

भोपाळहून पहिल्या वेळी अभिनवला परत पाठवलं, तेव्हा का पाठवलं ते कुणीच सांगितलं नाही. तशी पद्धतच आहे. खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीत जायचं तर आधी लेखी परीक्षा, मग भोपाळला चार-पाच दिवसांची मुलाखत. त्या मुलाखतीत मुलांकडून गोष्टी लिहून घेतात, ओंडके आणि दोर देऊन नसलेले नाले ओलांडायला लावतात, गटात वाद घालायला लावतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचतात. ज्यांचे वाचले जात नाहीत त्यांना चहा मिळतो आणि रेल्वेचं भाडं मिळतं. कारण मिळत नाही.

विश्रांतवाडीत मात्र कारणांना तोटा नव्हता.

"दात," शेजारच्या हेमाताई म्हणाल्या. "तू हसताना दात दाखवत नाहीस. आमच्या भाच्याला हिंजवडीच्या कंपनीत घेतलं ते निव्वळ हसण्यावर."

मुलाखतीचा क्लास घेणारे निवृत्त कर्नल म्हणाले, "तू विचार करतोस ते तोंडावर दिसतं."

अभिनवचे वडील वैजनाथ भोसरीला फिटर होते. अकोल्याकडून येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची बोली काही सुटली नव्हती, आणि आता त्याच बोलीवर त्यांचा संशय होता. "तू तिथंबी 'करून राहिलो' म्हटलं असशीन."

"बाबा, तिथं इंग्रजीत बोलतात."

"तं मंग इंग्रजीत म्हटलं असशीन."

आई, द्वारकाबाई, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बाप फिटर हाये, हे सांगाले कोनं सांगतलं होतं? सुपरवायझर म्हटलं असतं तं कोनाच्या बापाचं काय गेलं असतं?"

"माझ्याच बापाचं," अभिनव म्हणाला आणि ताटावरून उठला.

पण कारण कळलं नसलं की माणूस सगळीच कारणं खरी धरून चालतो. पोराला गणितात शून्य देऊन चूक न दाखवता वही परत दिली, तर ते बिचारं बेरीजही बदलेल, वजाबाकीही बदलेल आणि अक्षरसुद्धा. अभिनवचं तसंच झालं. आरशासमोर दात दाखवून झाले. विचार करताना चेहरा कोरा ठेवणं जमू लागलं. घरात तो इतकं शुद्ध बोलू लागला, की आई एकदा म्हणाल्या, "हा मीठ बी अर्ज केल्यासारखा मांगते."

आणि त्यानं पुन्हा फॉर्म भरला.

तो तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या वर्षी कंपन्या बी.एस्सी.वाल्यांनाही उचलू लागल्या होत्या. वर्गातला तेजस तर नोकरी लागल्याच्या थाटातच वावरत असे. "परत भरलास?" तो म्हणाला. "अरे, इथे एसी, कॅब, फूड कूपन! आणि तू चिखलात लोळायला रांग लावतोस? तीही परत?"

परत. लेखी परीक्षा पास झाल्यावर अभिनंदन करणाऱ्यांनीसुद्धा हा शब्द सोडला नाही. "परत जाणार का? वा!" त्या एका शब्दानं अभिनवच्या कानशिलात दर वेळी ठणका उठे.

मुलाखतीचं पत्र आलं. तारीख नेमकी मार्चमधली, वार्षिक प्रॅक्टिकलच्या दिवसांतली. वयाच्या हिशोबानं ही शेवटची संधी होती. पुढच्या तुकडीला तो काही महिन्यांनी मोठा ठरणार होता. पत्र घेऊन तो विभागप्रमुख पेंडसे बाईंकडे गेला. बाईंनी ते चष्म्याखालून वाचलं.

"देशाचं रक्षण करायला निघालात? उत्तम. देश आठवडाभर थांबू शकत नाही का?"

"मॅडम, शेवटची संधी आहे."

"गेल्या वर्षीही शेवटचीच असल्यासारखे गेला होतात. काय झालं?"

"निवड झाली नाही."

"का?"

"ते सांगत नाहीत, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. "सांगत नाहीत? चूक न दाखवता पेपर परत करतात? मग मुलानं सुधारायचं काय?"

वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारत होतं. बाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"जा. राहिलेल्या मुलांसाठी बाहेरचे परीक्षक एप्रिलमध्ये एक दिवस येतात. एकच दिवस. तो चुकला तर वर्ष गेलं. मी काही करू शकणार नाही, आणि करू शकत असते तरी केलं नसतं."

भोपाळला पहिले दोन दिवस अभिनवनं सगळ्या दुरुस्त्या अंगावर बाळगल्या. दात, कोरा चेहरा, मोजून मापून इंग्रजी. तिसऱ्या दिवशी मैदानावर ओंडका दोरातून निसटला. पलीकडे हरियाणाचा एक मुलगा गोंधळून नुसता बघत उभा होता. अभिनव ओरडला, "अबे धर ना बे! पडून राहिला तो!" त्या मुलाला एक अक्षर कळलं नाही, पण त्यानं ओंडका धरला. बाजूला एक अधिकारी कागदावर काहीतरी लिहीत होता. वर्षभराची मेहनत तोंडातून निसटून गेली होती.

शेवटच्या दिवशी त्याचा नंबर वाचला गेला.

का वाचला, हेही कुणी सांगितलं नाही, पण आता कुणाला पडली होती! त्यानं बूथवरून घरी फोन केला. आईला बोलताच येईना, वडील नुसतं "बरं, बरं, बरं" म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत हेमाताईंकडे पेढे पोचले. दात कामी आले, असं त्यांनी गल्लीत सांगितलंही.

निवड झालेल्यांना तिथेच ठेवून घेऊन वैद्यकीय तपासणी करतात. डोळे, कान, छाती, सगळं उत्तम निघालं. मग एका डॉक्टर बाईंनी त्याला भिंतीपाशी उभं केलं. पुण्याचा म्हटल्यावर त्या मराठीत बोलू लागल्या.

"सरळ उभा राहा. गुडघे जुळव. आता घोटे जुळव."

अभिनवनं जोर लावला. "जुळत नाहीत, मॅडम."

"हो. गुडघे आधी एकमेकांना टेकतात आणि खाली घोट्यांमध्ये फट राहते. पाच सेंटीमीटरपर्यंत चालते. तुझी जास्त आहे."

"पण मी धावतो. कॉलेजात माझा—"

"धावत असशील. पाठीवर ओझं घेऊन वर्षानुवर्षं धावलास की मग गुडघे बोलायला लागतात." त्या कठोर नव्हत्या, समजावून सांगत होत्या. तेच जास्त लागलं. "पुण्याच्या लष्करी इस्पितळात अपील करता येईल. फरक थोडा असेल तर कर."

"किती आहे?"

पण त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली होती. हातात आलेल्या कागदावर एवढंच होतं: पाचपेक्षा अधिक.

परतीच्या गाडीत अभिनव खिडकीशी बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. वर्षभर दात, बोली, चेहरा, बापाची नोकरी! लहानपणापासून हाफ पँट घालून साऱ्या विश्रांतवाडीसमोर हिंडला, पण गुडघ्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंही नाही. कारण हवं होतं ना? मिळालं. शिक्का मारून मिळालं. आणि त्याचं करायचं काय, तर काही नाही. दात घासता येतात, भाषा घासता येते. हाड कुणी घासावं?

घरी येईपर्यंत गल्लीत उपाय तयार होते. हेमाताईंनी तिळाचं तेल पाठवलं. आईनं कुठूनतरी ऐकलं, की गुडघ्यांमध्ये उशी धरून घोटे पट्ट्यानं बांधून झोपलं की पाय सरळ होतात. तीन रात्री अभिनव बांधलेल्या कोंबडीसारखा झोपला. चौथ्या दिवशी अपिलाच्या तारखेचं पत्र आलं.

तारीख तीच होती. बाहेरचे परीक्षक कॉलेजात येणार होते, तोच दिवस.

अपिलाचा आणि परीक्षेचा, दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. अभिनवनं एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. दोन्ही हातांनी टेबलावर थाप मारली, ताटल्या खणखणल्या. "दुसरा दिवस मिळणार नाही का या लोकांना? वर्षभरात एवढे दिवस असतात!"

"अपील कर," आई म्हणाल्या. "थोडासाच फरक असंन."

"थोडासा म्हणजे किती, आई? मला काय माहीत!"

वैजनाथ उठले. त्यांची दुपारची पाळी होती, कंपनीचा निळा शर्ट अंगात होता. कपाटाखालची हत्यारांची पेटी ओढून त्यांनी स्टीलची पट्टी काढली. "इकडे ये. लादीवर उभा राय. गुडघे जोड."

अभिनव उभा राहिला. वडील त्याच्या पायांशी बसले, पट्टी एका घोट्याला टेकवून दुसऱ्यापर्यंत नेली. बराच वेळ बघत राहिले.

"पाच," ते म्हणाले. "पाच अन् वरतं दोन रेघा. तेल लावून ताठ उभा राह्यला तं बसते."

"पाहा! मी म्हनत होती ना?" आई म्हणाल्या.

अभिनवनं खाली पाहिलं. पट्टीच्या आकड्यांवर वडिलांचा अंगठा होता. हा माणूस कंपनीत केसाएवढ्या फरकावरून माल परत पाठवतो, असं त्यांचे सोबतीच सांगत.

"बाबा, अंगठा काढा."

"अरे, सांगतलं ना, पाच—"

"अंगठा काढा!" अभिनवचा आवाज फाटला. "एकानं तरी खरं सांगा ना मला! वर्षभर जो तो आपलं आपलं सांगतो. पाच म्हणालात तर मी तिकडे जाणार. तिकडे दुसराच आकडा निघणार, आणि इकडे वर्ष बुडणार. किती आहे?"

वैजनाथांनी अंगठा काढला नाही. पट्टीच उचलली आणि हातात उलटसुलट फिरवत बसले.

"सात," शेवटी ते म्हणाले. "साताच्या वरतंच. तुह्यं मन कायले मोडू म्हटलं."

मग लादीवर हात टेकून ते उठले आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. गुडघे जोडले. पँटच्या खाली त्यांचे घोटे एकमेकांपासून तेवढेच लांब होते.

"माह्याकून आलं असंन हे," ते म्हणाले.

द्वारकाबाई त्या चार पायांकडे पाहत राहिल्या. "म्या तं लग्नाच्याच दिवशी पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाय फाकले तं फाकले, मानूस बरा हाये."

एरवी अभिनव हसला असता. आज त्याला हसू आलं नाही. बापावर चिडावं तर गुडघे काही त्यांनी ठरवून दिले नव्हते, आणि न चिडावं तर राग ठेवायचा कुठे? अपिलाचा कागद त्यानं घडी करून पेटीत, पट्टीच्या खाली टाकला. वडिलांनी पेटी बंद केली.

परीक्षेच्या दिवशी वैजनाथांची पहिली पाळी होती. बाप-लेक एकत्रच घराबाहेर पडले. अभिनवच्या हातात प्रॅक्टिकलची जर्नल होती. कोपऱ्यावरचा चहावाला कोंडीराम गाळणं झटकत ओरडला, "काय वैजनाथराव, लांबून बघितलं तर दोघं एकसारखे! चाल अगदी बापाची हाय पोराची!"

हे वाक्य त्यानं आजवर शंभरदा म्हटलं असेल. अभिनवला त्याचा अर्थ आज कळला.

"हो," तो म्हणाला. "सात सेंटीमीटर."

"आं?" कोंडीराम म्हणाला.

वैजनाथांनी मुलाकडे पाहिलं. तेवढ्यात कंपनीची बस आली, आणि खांद्याला किंचित हात लावून ते चढले. अभिनव उभा राहिला. महापालिकेकडे जाणारी पीएमटीची बस थांब्यावर न थांबता पुढे सरकली, ड्रायव्हरला बहुधा घाई होती. "थांबा की हो!" अभिनव ओरडला. कुणी थांबलं नाही. मग जर्नल काखेत मारून तो धावला, टेकणाऱ्या गुडघ्यांनी, शिव्या देत, धापा टाकत, आणि सिग्नलच्या अलीकडे त्यानं दांडी पकडली.

"वर या, वर या," कंडक्टर म्हणाला. "एवढं पळता येतंय तर लष्करात का नाही जात?"

अभिनवनं पैसे पुढे केले. "एक महापालिका," तो म्हणाला.