मिठाचा हात

कटकट्यानं सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि तो गप्पच बसला. शेजारच्या टेबलावरचा कंडक्टर उठून पाण्याच्या नळाकडे गेला. त्याच्यामागून वर्कशॉपमधले दोघे गेले. वाढायच्या खिडकीतून मावशी हे सगळं बघत होती. बस डेपोच्या त्या कँटीनमध्ये नळापुढे रांग लागलेली तिनं आजवर पाहिली नव्हती.

कटकट्या म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याला चहा कोमट लागायचा, पाव शिळा लागायचा, बाकडं टणक लागायचं. एखाद्या दिवशी त्यानं तक्रार केली नाही, तर लोक त्याला बरं नाही का म्हणून विचारायचे.

"काय हो, कसं झालंय आज?" मावशीनं खिडकीतून विचारलं.

"छान झालंय," कटकट्या म्हणाला आणि पेलाभर पाणी घटाघटा प्यायला.

हा माणूस छान म्हणतोय म्हणजे काहीतरी भलतंच घडलंय. मावशीनं डावानं थोडं सूप डाव्या तळहातावर घेतलं, फुंकर मारली आणि चाटलं. खारटढोण! वाटाणा कुठे आणि बटाटा कुठे, सगळं मिठातच बुडालं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आनंदच झाला. सूप खारट आहे, हे तिचं तिला कळलं होतं. असं कळून फार दिवस झाले होते.

गेल्या वर्षी तिच्या रक्तात दोष निघाला. पांढऱ्या पेशी नको तेवढ्या वाढत होत्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की हा आजार मुळापासून जायचा नाही, पण रोजच्या एका गोळीनं मुठीत राहील. लोक वर्षानुवर्षं ही गोळी घेत कामधंदा करतात. गोळीनं शब्द पाळला, रक्त ताळ्यावर आलं. बदल्यात सकाळी डोळ्यांना सूज यायला लागली, मध्येच पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्याचं मावशीला काही वाटलं नाही. डोळ्यांवर गार पाणी मारायचं, पोटऱ्या चोळायच्या आणि चुलीपुढे उभं राहायचं. पण तोंडाची चव गेली. गेली म्हणण्यापेक्षा वेगळीच आली. काहीही खाल्लं तरी गंजका खिळा चघळल्यासारखं लागायचं. चहा खिळा, पाव खिळा, सफरचंदसुद्धा खिळाच.

आणि बाई स्वयंपाकीण! तीही साधीसुधी नाही. तिच्या मिठाच्या हाताचं डेपोभर नाव होतं. चमचे मोजून मीठ घालणाऱ्यांना ती हसायची. मूठ उघडायची, तळहातावर थेंब घेऊन चाखायची, चिमूटभर आणखी टाकायची की झालं. नवऱ्याला आणि धाकट्या जावेला तिचे डोळे ठाऊक होते, पोटऱ्या ठाऊक होत्या. जिभेचं मात्र तिनं कुणाला कळू दिलं नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात गाडी कोण देईल? मग हिला चुलीपाशी कोण ठेवणार? तेव्हापासून ती अंदाजानंच मीठ टाकत होती. कुणी तक्रार केली नाही, म्हणजे जीभ गेली तरी हाताला सगळं आठवतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

धाकटी जाऊ त्याच कँटीनमध्ये पाव भाजायची आणि भाज्या चिरायची. मावशीनं तिला हाताला धरून मागच्या कोठीच्या खोलीत नेलं.

"सुपात मीठ कुणी टाकलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच टाकलंत की."

"मी एकदा टाकलं. पातेल्यात दोनदा पडलंय."

धाकटीनं एप्रनला हात पुसले. मग पुन्हा पुसले. तिचे कान लाल झाले होते.

"मीपण टाकलं, ताई."

"तू? का?"

"रोजच टाकते. तुम्ही पाणी प्यायला मागे जाता ना, तेव्हा. तुम्ही भिऊन भिऊन निम्मंच टाकता. आधी मी चाखून टाकायचे. मग बघितलं, रोज तेवढंच कमी असतं. म्हणून चाखायचं सोडूनच दिलं."

मावशी बटाट्याच्या गोणीवर मटकन बसली. इतके महिने ज्या हाताचा तिला अभिमान वाटत होता, तो धाकटीचा होता तर.

"आणि बाहेरच्यांना?"

"सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला सूप इतकं अळणी व्हायचं, कळणार नाही होय? कटकट्यानंच सगळ्यांना दम भरला. मावशीला कुणी एक शब्द बोलायचा नाही म्हणाला."

"म्हणजे दया खातात माझी."

"दया कसली, सूप खातात मुकाट्यानं!" धाकटी म्हणाली आणि एकदम थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. "पण थांबा हं. तुमचं निम्मं आणि माझं निम्मं. मग आज बरोबर व्हायला पाहिजे होतं. आज तुम्ही किती टाकलंत?"

"पुरतं टाकलं."

"अंदाजानं?"

"नाही, चाखून." मावशीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला. "अगं, आज मला चव लागली. सकाळचा चहा गोड लागला! मला वाटलं रडूच येईल."

धाकटी हरखून पुढे झाली, तिनं मावशीचे दोन्ही हात धरले. पण पाव भाजणाऱ्या बाईला उगाच काही फुगत नाही हे पक्कं ठाऊक असतं.

"कशी काय लागली, ताई? गोळी तर चालू आहे ना?"

मावशी गोणीवरचं सूत उसवत बसली. तिचा हात नकळत एप्रनच्या खिशाकडे गेला आणि धाकटीनं तो तिथंच पकडला. खिशातून कागदाची घट्ट पुडी निघाली. पुडीत चार गोळ्या होत्या. घरी नवऱ्यासमोर पाकिटातून काढलेल्या, आणि तोंडात न गेलेल्या.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" धाकटी ओरडली. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "ही बंद केली तर काय होतं, डॉक्टरीणबाई तुमच्यासमोर मला सांगत होत्या! सुपाच्या मिठापायी जीव देता होय?"

"तुला नाही कळायचं," मावशी म्हणाली. "रोज पातेल्यापुढे उभी राहते आणि आत काय शिजतंय ते मला माहीत नसतं. मला दुसरं येतं तरी काय? जीभ नसली तर मी कोण गं?"

"माझी जाऊ! दुसरं कोण?" धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "लग्न होऊन आले तेव्हा साधं पीठ मळता येत नव्हतं मला. सगळ्यांसमोर माझी बाजू कुणी घेतली? चव नाही कळत, तर मला विचारा की. हातभर अंतरावर तर असते. जीभ नको तितकी चालते माझी, तुम्हीच म्हणता ना? मग वापरा ती. तुम्ही नसलात तर त्या सुपात मीठ असलं काय आणि नसलं काय!"

आपण लपवत होतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे लपवत होते ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं. मावशीला लाजही वाटली आणि फार फार बरंही वाटलं.

कोठीतूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. धाकटीनं तो मावशीच्या कानाला नुसता लावला नाही, धरूनच ठेवला.

"आजची गोळी आजच घ्या, जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुटलेल्या गोळ्या मात्र एकदम घेऊ नका. उद्या रक्त द्यायला या. आणि चवीचं मी आज पहिल्यांदा ऐकतेय. आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला आजाराचं सांगायचं. सुपाचं काय सांगायचं?"

"सुपाचंच सांगायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी मग जेवणाआधी चूळ भरायला सांगितलं, स्टीलचा चमचा सोडून लाकडी वापरायला सांगितला, सोसत असेल तर लिंबू चाटून बघा म्हणाल्या. "थोडा फरक पडेल. पूर्ण चव परत येईल असं खोटं नाही सांगत. पण त्रास झाला की मला सांगायचं, आपण मिळून मार्ग काढू. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

सूप वाचवायचं काम उरलं होतं. मावशीनं निम्मं दुसऱ्या पातेल्यात काढलं, दोन्हींत पाणी वाढवलं, उकडलेले बटाटे कुस्करून घातले. संध्याकाळच्या पाळीला तेच दाट सूप गेलं.

तोवर धाकटीनं भट्टीतून पाव काढला होता. मावशीनं तो मोडला. वाफ आली, कुरकुरीत कडेचा वास आला. ती पाव सावकाश चावत राहिली, एकेक घास तोंडात घोळवत. धाकटी बाजूला उभी राहून बघत होती, घाई कर म्हणाली नाही.

"मीठ अगदी बरोबर आहे गं," मावशी म्हणाली. मग तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि वर पेलाभर पाणी प्यायली.

रक्ताचा अहवाल चांगला आला. आठवडा सरायच्या आत खिळाही परत आला, पण लिंबाच्या फोडीपुढे तो थोडा बोथट व्हायचा. फोड मावशी आता उघडपणे खिडकीत ठेवायची.

चाखायचं काम धाकटीकडे आलं, पण ते काही जमेना. प्रेमापोटी ती सगळ्यालाच बरं म्हणायची. शेवटी एका दुपारी मावशीनं खिडकीतून हाक मारली.

"अहो, कटकटे! इकडे या."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. ते नाव त्याच्या तोंडावर आजवर कुणी घेतलं नव्हतं. कटकट्या आला.

"मला चव कळत नाही," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला खोटं न बोलणारी जीभ पाहिजे. हात पुढे करा."

त्यानं तळहात पुढे केला. मावशीनं त्यावर सुपाचा थेंब सोडला.

"अळणी," चाटून तो म्हणाला. मग जरा थांबून त्यानं घसा साफ केला. सुपाबद्दलचं इतक्या महिन्यांचं तुंबलेलं होतं. "मिरीपण कमी आहे. आणि ते दारापाशीचं बाकडं डुगडुगतंय, केव्हापासून सांगायचं होतं."

सगळे हसले. मावशी हसली नाही. ती त्याचा चेहरा बघत होती. तिनं चिमूटभर मीठ टाकलं, मिरी टाकली, ढवळलं आणि पुन्हा थेंब दिला. त्याची भुवई वर गेली, तिथंच राहिली. आणखी एक चिमूट. पुन्हा थेंब. या वेळी भुवई वर गेली, क्षणभर थांबली आणि सावकाश खाली आली.

काहीतरी सांगायला कटकट्यानं तोंड उघडलं. पण मावशीनं तोवर पातेल्यावर झाकण ठेवलं होतं.

"वाढायला घे," ती धाकटीला म्हणाली.