आतल्या टायरचा आवाज

माझा नवरा या हायवेवरचा सगळ्यात प्रेमळ माणूस आहे, असा ड्रायव्हर लोकांचा समज आहे. टायरवर एक मोगरी हाणायची आणि वळून बायकोकडे बघायचं. पुन्हा हाणायची, पुन्हा बघायचं. मी चहाच्या कट्ट्यामागे उभी असते. मी मान हलवली की हे पुढच्या टायरकडे जातात. "काय पुंडलिकअण्णा, या वयात बी वैनीवरनं नजर हलत न्हाई म्हणा की!" असं कुणीतरी म्हणतं, बाकीचे हसतात. हेही हसतात. काय म्हटलंय ते ह्यांना ऐकूच आलेलं नसतं.

धारवाडहून बेळगावकडे जाताना बेलूरच्या कारखान्यांच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड, तेच टायरचं दुकान. शेजारी माझा चहाचा कट्टा, मागे एक खोली, तेच घर. आम्ही मूळचे अळणावरच्या बाजूचे. पोटासाठी इकडे आलो आणि धूळ खात इथलेच झालो. आमची लेक रूपा याच खोलीत वाढली. तिला लहानपणी ट्रकच्या हॉर्नशिवाय झोप लागायची नाही. आता तिला बेळगावला दिली आहे, तर तिथल्या शांततेचं कौतुक सांगून सांगून माझं डोकं उठवते.

ह्यांचं काम सांगते. ट्रकला मागे जोडचाकं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. बाहेरच्या टायरची हवा कमी झाली तर दिसते. आतल्याची दिसत नाही, कारण शेजारचा टायर त्याच्या वाटणीचं ओझं उचलून धरतो. गाडी भरून निघते, सगळं ठीक दिसतं, आणि घाटात तापून दोन्ही एकदम जातात. म्हणून आतला टायर तपासायचा. हवा मोजायचं गेज लावायचं तर गुडघे टेकायचे, दोन चाकांच्या मध्ये खांद्यापर्यंत हात घालायचा, चाचपडत हवा भरायचं तोंड शोधायचं. एवढा दम कुठल्या ड्रायव्हरला? त्यापेक्षा ह्यांची बाभळीची मोगरी बरी. हवा भरपूर असेल तर टायर टण्ण वाजतो, कमी असेल तर भद्द. भद्द वाजला त्यालाच काय ते गेज लावायचं. सगळं झालं की हे गाडीच्या अंगावर थाप मारतात आणि म्हणतात, "होगरि." म्हणजे निघा. ह्यांच्या तोंडून होगरि ऐकल्याशिवाय गाडी न हलवणारे ड्रायव्हर आहेत. पंपाच्या तोंडाशी लिंबू-मिरची विकणारा बसतो, त्याच्यापेक्षा ह्यांच्या त्या एका शब्दाला जास्त मान आहे.

आणि या माणसाचे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. कंप्रेसरच्या शेजारी उभं राहून जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? आधी फोन वाजलेला कळेना. मग मी हाक मारलेली कळेना, पण ते मी मनावर घेतलं नाही, कारण नवऱ्यांना बायकोची हाक तशीही कळत नाही. एकदा हे एका टँकरचा टायर वाजवत होते. वाजवला, थांबले. पुन्हा वाजवला, पुन्हा थांबले. ड्रायव्हर बघायला लागला. ह्यांनी मान वर केली, ती नेमकी माझ्याकडे. टायर चांगला टण्ण वाजला होता, मला कट्ट्यावर ऐकू आला होता. मी मान हलवली. हे पुढे गेले.

तेवढंच. त्यावर ना हे बोलले, ना मी. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि मग ती रीतच पडली. टण्ण वाजला तर मी मान हलवायची. भद्द वाजला तर पदर खांद्यावर ओढायची. पदर ओढ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा सहज ओढला, ह्यांनी त्या टायरला गेज लावलं, हवा कमी निघाली, तेव्हापासून चालू. टायर वाजवताना इंजिन बंद ठेवायचं हा ह्यांचा जुना नियम माझ्या कामी आला. चहा उतू गेला तरी चालेल, पण कान तिकडे ठेवायचे, असं सगळं चाललं होतं. मी कधी आजारी पडले नाही असं नाही. अंगात ताप असताना कांबळं पांघरून कट्ट्यावर उभी राहिले आहे. लोक म्हणायचे, वैनी चहाच्या धंद्याला किती जपतात.

मला याचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर कंटाळा हा शब्दही कमी पडेल. एका माणसाचे हात, दुसऱ्याचे कान, आणि दोघांनीही तोंडात मूग धरून बसायचं. रात्री पाठ टेकली की डोळ्यांसमोर एकच यायचं. एखादा टायर मी नीट ऐकला नसेल तर? दूध नासलं म्हणून माझं लक्ष गेलं असेल आणि मी उगाच मान हलवली असेल तर? ते ड्रायव्हर ह्यांच्या भरवशावर जात होते. पण घाटात कुणाचं काही झालं असतं, तर ते माझ्या मानेनं झालं असतं.

आणि मग रूपाचे दिवस भरत आले. तिला सासू नाही. डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण आईकडे करायचं, पण या धुळीत, या हॉर्नांत, एका खोलीत तिला कुठे आणू? मलाच जायला हवं होतं, आणि गेले की सव्वा महिना तरी येता येणार नव्हतं. फोनवर रडत म्हणाली, "आई, तू येणार न्हवं?" मी म्हटलं, येते की.

जेवताना मी विषय काढला. उजव्या बाजूला बसले, तो कान जरा बरा आहे.

"रूपाकडं जायाला पायजे. सव्वा म्हैना."

"जा की," हे म्हणाले आणि भाकरी मोडली.

"मग हितलं कसं?"

"च्या बंद ठिवू. त्यात काय?"

"च्याचं काय घिऊन बसलायसा? टायरचं कसं?"

ह्यांनी आमटीत भाकरी बुडवली. "टायर मी बघतो न्हवं का?"

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताट उचलून आपटावं असं वाटलं. ह्यांना पुरतं माहीत होतं मी काय विचारते आहे ते. मला पुरतं माहीत होतं की ह्यांना माहीत आहे. तरी हे शांतपणे आमटी ओरपत होते. मी गेल्यावर हे मोगरी वाजवणार, कुणीच नसलेल्या कट्ट्याकडे बघणार आणि अंदाजानं होगरि म्हणणार, हे मला लख्ख दिसलं. जीव गेला तरी हा माणूस तोंड उघडणार नव्हता. तेव्हाच मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेशची गाडी लागली. योगेश हल्याळचा, बेलूरच्या कारखान्यातून लोखंडी माल भरून कारवारला नेतो. परत येताना माझ्यासाठी सोलं आणतो. मागच्या वर्षी लग्न झालं, तेव्हा बायकोला घेऊन मुद्दाम आमच्या पाया पडायला आला होता. आता हुबळीवरून यल्लापूर आणि पुढे अरबैलचा घाट उतरणार, तोही भरल्या गाडीनं.

"अण्णा, बघा जरा," म्हणाला आणि इंजिन बंद करून माझ्याकडे चहा घ्यायला आला. मागे अजून एक ट्रक येऊन थांबला.

ह्यांनी मोगरी घेतली. पहिला टायर वाजला, टण्ण. हे वळले असणार. मी पाठ फिरवली होती. दुधाचं पातेलं घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि राखेनं घासायला लागले. स्वच्छच होतं ते.

मागे शांतता. मग तोच टायर पुन्हा, टण्ण. पुन्हा शांतता. मी घासते आहे. मग पावलं पुढे गेली. टण्ण. थोडं थांबून पुढचा. हे न विचारता पुढे चालले होते. चांगले आहेत म्हणून ठीक, मी मनात म्हणत होते, सगळेच चांगले निघू देत, आजचा दिवस जाऊ दे.

मागच्या जोडचाकाशी बाहेरचा वाजला, टण्ण. आणि आतला वाजला, भद्द.

माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी तो परत पातेल्यात घातला. मागे पुन्हा वाजला, जोरात, भद्द. पंपावर कुणीतरी हसत होतं, योगेश चहा फुंकत होता. ह्यांना काय ऐकू आलं असेल? काहीच नाही. हातातल्या लाकडाला काय कळलं असेल तेवढंच. मी मनाशी पक्कं केलं होतं की होगरि ऐकू आलं तर पातेलं फेकून धावायचं, योगेशच्या गाडीपुढे आडवं पडायचं, पण त्याआधी तोंड उघडायचं नाही. ह्यांनीच उघडायला हवं. मी उघडलं असतं तर हे जन्मभर म्हणाले असते की बायकोनं माझा धंदा बुडवला.

गाडीच्या पत्र्यावर ह्यांचा हात टेकल्याचा आवाज आला. थाप नव्हती, नुसता हात टेकला. मी उठून उभी राहिले.

"मथुरा."

चारचौघांत ह्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती, कधीच नाही. मी वळले. हे मोगरी खाली टाकून उभे होते. तोंड उतरलं होतं.

"पाठ का फिरीवलीस?"

मी राखेचे हात झटकले.

हे योगेशकडे वळले. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तसं, सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "योगेश, गाडी काढू नगोस. मला ऐकू येत न्हाई बाबा. लई दिस झालं. मोगरी मी मारतो, कान हिचं."

योगेशनं कप खाली ठेवला. एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हंजे मी आजवर वैनींच्या मानंवर घाट उतरलो?"

कुणी हसलं नाही. मागच्या ट्रकवाल्यानं ते ऐकलं, गाडी सुरू केली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. तो जाताना ह्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते मला बघवलं नाही. आणि ते मीच ठरवून केलं होतं.

मग ह्यांनी शेडमधून गेज आणलं. गुडघे टेकले. ह्यांचे गुडघे कानांच्या आधीच गेलेले, टेकताना चेहरा वाकडा झाला. दोन चाकांत खांद्यापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपडले. आतल्या टायरमध्ये निम्मीसुद्धा हवा नव्हती. चाक उतरवलं तर बोटभर खिळा निघाला. योगेशनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि खिशात टाकला. ह्यांनी पंक्चर काढलं, चाक चढवलं, आणि मग बाकीच्या प्रत्येक टायरला गेज लावलं, पुढच्यासकट. उन्हं कलली तरी चालूच. योगेश खाली बसून राहिला. मालकाचा फोन आला, त्यानं उचलला नाही.

सगळं झाल्यावर हे हात पुसत बाजूला झाले. योगेश केबिनमध्ये चढला, पण गाडी सुरू करेना.

"म्हना की, अण्णा."

ह्यांना कळलं नाही. मी जवळ जाऊन कानाशी सांगितलं, "होगरि म्हना म्हंतोय." हे क्षणभर हातातल्या गेजकडे बघत राहिले. मग गाडीवर थाप मारली आणि म्हणाले, "होगरि." माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी ह्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "मला ठावं हाय ते तुमाला कवापासनं ठावं हुतं?"

"पैल्या दिवसापासनं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू म्हनली असतीस, काम बंद करा." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आनि वरडू नगोस एवढी. लोकास्नी ऐकू जातंय."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. खरंच मी तसंच म्हटलं असतं. आता गिऱ्हाईक निम्मं होणार होतं, हे सगळ्या टायरांपुढे गुडघे टेकत बसणार होते, आणि मी इथे नसणार होते. पण कुणाचा जीव माझ्या मानेवर नसणार होता. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी बेळगावची बस हात केल्यावर पंपासमोर थांबली. ह्यांनी माझी पिशवी आणि रूपासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा वर चढवून दिला. मला खिडकी मिळाली. बघते तर हे मोगरी घेऊन बसच्या मागच्या चाकाशी गेलेले. सवयच ती. ड्रायव्हर आमच्याकडे चहा पिणारा, त्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं. ह्यांनी आतला टायर वाजवला आणि मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं.

त्या घरघरीत मला काहीएक ऐकू आलं नव्हतं. मी कानाला हात लावला आणि हात हलवून सांगितलं, नाही ऐकू आलं.

हे थोडे हसले. मोगरी बाजूला ठेवली, खिशातून गेज काढलं आणि गुडघे टेकून बसच्या चाकांत हात घातला. कंडक्टर दारातून ओरडायला लागला, "ओ अण्णा, सुटायचं हाय! उठा!" बसमधली माणसं खिडकीतून डोकी काढून बघायला लागली. कंडक्टर आणखी मोठ्यानं ओरडला, पण ह्यांना कुठे ऐकू येतंय. मी पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसून राहिले.