हार्जू सरांच्या सायकलची खडखड

दर मंगळवारी संध्याकाळी गावातले दहा-बारा सायकलवाले जुन्या लोहखाणीच्या रस्त्याने फेरीला निघत. त्या वर्षी मे महिन्यापासून या फेरीत सगळ्यांच्या कानात एकच आवाज बसला होता, वेंडेल हार्जूंच्या सायकलचा. डांबरावर ती गुमान चाले. लाल खडी लागली की मात्र फ्रेमच्या पोटातून टकटक, खडखड सुरू होई, ती तळ्याच्या वळणापर्यंत थांबत नसे.

"वेंडेल, काटे-चमचे घेऊन निघालास की काय रे?" बेकरीवाल्या ग्लेन टॉर्वीने पहिल्याच दिवशी विचारलं.

सगळे हसले. हार्जू सरांना ते हसणं झोंबलं. गावच्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं मशीन शॉप, म्हणजे यंत्रावरचं लोखंडकाम, शिकवलं होतं. निम्म्या गावाला कानस कशी धरायची हे त्यांनी दाखवलं होतं, आणि त्यांचीच सायकल भंगारवाल्याच्या गाडीसारखी वाजत होती. त्यांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "कॉरीनला विचारा. ऑक्टोबरात तिनंच जोडून दिली. हल्लीच्या मुलांना काम उरकायची घाई."

सायकल तिने जोडून दिली, एवढं खरं होतं. कॉरीन नीमी त्यांचीच विद्यार्थिनी. बारा वर्षांपूर्वी तिने गावात सायकलचं दुकान काढलं आणि सरांची सायकल तिथूनच आली होती. पण फेब्रुवारीत, बाहेर कमरेइतकं बर्फ असताना, सरांनी स्वतःच घरच्या तळघरात बसून सायकलची गियरची केबल बदलली होती, बाहेरच्या आवरणासकट. ती केबल फ्रेमच्या नळीच्या आतून जाते. जुनी ओढून काढताना तिच्याबरोबर काळ्या स्पंजचे तुकडे बाहेर आले. सरांना वाटलं, काहीतरी कुजलेलं असणार. त्यांनी ते झाडून केराच्या डब्यात टाकले. केबल नळीत आपटू नये म्हणून तो स्पंज होता, हे त्यांना खडीवरच्या पहिल्या खडखडीलाच कळलं. म्हणजे ते बोलले तेव्हा त्यांना माहीत होतं.

बोलणं एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सरांचा शब्द गावात वजनदार. जूनच्या मध्यावर ग्लेनने फेरीत सहज सांगितलं की फेरीतली आर्डिस आणि तिचा नवरा आता सायकली कॉरीनकडे न देता चाळीस मैलांवरच्या दुकानात नेतात. "तू सांगितलंस ते बरं झालं," तो म्हणाला, "नाहीतर कळायचं कसं?" सर 'हं' म्हणाले. खरं सांगायला तो क्षण बरा होता, पण पुढे चढ होता आणि सगळे दमले होते, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

त्याच आठवड्यात कॉरीनचा फोन आला. सायकल वाजते असं कानावर आलंय, घेऊन या, बघते, एवढंच ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नाही म्हणायला सरांना कारण सापडेना.

गुरुवारी सकाळी ते दुकानात गेले तेव्हा एक बाई पोराच्या सायकलची ट्यूब बदलून घ्यायला थांबली होती. कॉरीनने सायकल हातभर उचलून दोनदा जमिनीवर आपटली, फ्रेमला कान लावला. मग जिथे केबल नळीत शिरते तिथे ती बोटाने ताणून धरली आणि पुन्हा आपटली. आवाज बंद. "ही केबल आत मोकळी आहे," ती म्हणाली. तिने पायडलांची क्रँक उतरवली, खालच्या भोकातून बारीक दिवा आत घातला आणि बराच वेळ बघत राहिली. सर कोपऱ्यातल्या हेल्मेटांच्या किमती वाचत होते.

"आत स्पंजची नळी नाहीये, सर."

"कारखान्यातूनच आली नसेल," सर म्हणाले.

हे बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. मे महिन्यातलं बोलणं गडबडीत निसटलं, असं म्हणता आलं असतं. हे तिच्या तोंडावर होतं, तिच्याच दुकानात, आणि ती गुडघ्यांवर बसून त्यांचीच सायकल नीट करत होती. कॉरीनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "असेल," ती म्हणाली आणि कपाटातून स्पंजची नवी नळी काढून आणली.

मग तिने काम केलं ते अगदी सावकाश. आधी केबलवरून एक पातळ प्लास्टिकची नळी आत सरकवली, मग केबल बाहेर घेतली, तिच्यावर स्पंज चढवला. "सर, ते टोक धरा जरा." सरांनी धरलं. ती खालून ओढत होती, ते वरून सोडत होते. वर्गात ती एकटीच मुलगी होती. तिने केलेला जोड एका केसाने चुकला म्हणून सरांनी तो तीनदा परत करायला लावला होता, आणि चौथ्यांदा तो सगळ्या वर्गाला दाखवला होता. ते त्यांना आठवलं आणि नको झालं.

सायकल पुन्हा आपटली. काही वाजलं नाही.

"परत कधी केबल बदलायची झाली," कॉरीन हात पुसत हळूच म्हणाली, "तर आधी ही बारीक नळी घालायची. नाहीतर स्पंज फाटून बाहेर येतो."

सरांचे कान तापले. त्यांनी आभार मानले आणि सायकल घेऊन बाहेर पडले. घराकडच्या रस्त्यावर चर्चच्या मागे थोडी खडी आहे. तिच्यावरून सायकल एवढी मुकाट गेली की सरांना पुढे जाववेना. ते तिथेच उतरले, पाच-दहा मिनिटं कठड्याला टेकून उभे राहिले आणि मागे फिरले.

ट्यूबवाली बाई अजून तिथेच होती. ती जाईपर्यंत थांबावं असं त्यांच्या मनात आलं, आणि तसं मनात आलं म्हणूनच ते थांबले नाहीत.

"कॉरीन, केबल मी बदलली होती. फेब्रुवारीत. स्पंज मीच फेकला. आणि गावात तुझं नाव सांगितलं."

बाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. कॉरीनने हातातला पाना ठेवला.

"मला माहीत होतं, सर. मी केबलला काळं आवरण घालते. तुमचं राखाडी होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं."

त्यांनी माफी मागितली. तिने मान हलवली, पण हसली नाही. "मला सांगून काय होणार? मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

पुढच्या मंगळवारी निघण्याआधी, सगळे वाहनतळावर चाकांत हवा भरत असताना, सरांनी सांगितलं. घरून चार वाक्यं ठरवून आले होते, दोनच जमली. ग्लेन आपल्या ब्रेकशी उगाच चाळा करत राहिला. कोणीतरी म्हणालं, होतं असं कधीकधी. आर्डिस मात्र तसं म्हणाली नाही.

"मी दीड महिना त्या पोरीशी धड बोलले नाही, वेंडेल. किराणा दुकानात समोर आली तर दुसऱ्या रांगेत वळले. कारण तू सांगितलंस."

"हो," सर म्हणाले.

"बस, नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू?"

ती सायकलवर बसली आणि निघाली. बाकीचेही निघाले. सर त्या दिवशी सगळ्यांच्या मागून सायकल चालवत राहिले. तळ्याच्या वळणावर त्यांच्यासाठी कोणी थांबलं नाही. कोणी थांबावं असं त्यांनाही वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये आर्डिस कॉरीनकडे परत आली. तिचा नवरा आला नाही. चाळीस मैलांवरच्या दुकानदाराशी त्याची मासेमारीवरून दोस्ती जमली होती, आणि ती मोडायची त्याला गरज वाटली नाही. कॉरीनने ते कधी बोलून दाखवलं नाही. रस्त्यात भेटली की ती सरांना 'सर' म्हणे, त्यांच्या बायकोची चौकशी करे. पूर्वी ती काउंटरमागून बाहेर येऊन बोलायची. आता मागेच उभी राहायची.

सप्टेंबरात सर मागच्या ब्रेकसाठी दुकानात गेले. कॉरीनने कागद पुढे ओढला आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "घरी काही उघडलं होतंत का?"

"हो," सर म्हणाले. "दोन स्क्रू. डावीकडचा जास्त आवळला बहुतेक."

तिने ते लिहून घेतलं.