डावीकडची गल्ली

शहराच्या राखीव बटालियनला लोक रविवारची पलटण म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असेच. आठवडाभर नळ दुरुस्त करायचे, शाळेत शिकवायचं, बँकेत बसायचं, आणि रविवारी कडक गणवेश चढवून कवायत करायची. बेकरीवाला हवालदार या पलटणीत उभी हयात घालवून गुडघ्यांपायी निवृत्त झाला होता. पण नवा भरती झालेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी त्याची गोष्ट ऐके.

गोष्ट त्याच्या तरुणपणची. वार्षिक शिबिराच्या शेवटच्या दिवशी पलटण छावणीच्या फाटकातून उजवीकडे वळून हमरस्त्याने मैदानावर जायची. त्या वर्षी फाटकाशी हुकूम द्यायचा मान याचा. गडी भट्टीवरून तसाच, डोळे तारवटलेले, येऊन उभा राहिलेला. एरवी कवायत संपली की तो डावीकडे, आपल्या बेकरीकडे वळे; तोंडातून तेच निघालं. अख्खी पलटण निमूट डावीकडे वळली आणि त्याच्या गल्लीत शिरली. चौघांची रांग मावेना, म्हणून दोघांची झाली. तिकडे हमरस्त्यावर पाहुणे ताटकळले. साहेबांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग म्हणाले, चूक तुझी, पण एकाचंही पाऊल अडखळलं नाही. पुढल्या वर्षी त्यांनीच पलटण मुद्दाम डावीकडे वळवली. तेव्हापासून तो रिवाजच पडला: बेकरीपुढे दोघांची रांग आणि नजर दुकानाकडे.

यंदा नवे साहेब आले. गल्लीत गाड्या उभ्या असतात, पलटण हमरस्त्याने जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणणं रास्त होतं, म्हणूनच हवालदाराला ते जास्त लागलं. त्यात यंदा हुकूम देणार होती त्याची थोरली, आठवडाभर घरोघर विजेच्या तारा जोडत फिरणारी. ती मध्ये भेटून गेली, पण विषय कुणीच काढला नाही. पलटण एकदा दारावरून जाताना बघावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. पण पोरीला हुकूम मोडायला कोणत्या तोंडाने सांगणार?

आदल्या दिवशी तो दुकानाची पायरी दुसऱ्यांदा धुवायला बसला, तेव्हा बायकोला राहवलं नाही.

"अहो, ते येणार नाहीयेत."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि धूतच राहिला.

सकाळी भट्टी सोडून तो दारात उभा राहिला. फाटकाकडून थोरलीचा आवाज आला, खणखणीत, आणि हुकूम उजवीकडचाच. बूट वाजत वाजत हमरस्त्याकडे गेले आणि ऐकू येईनासे झाले. पोरीने आवाज काय लावला होता! त्याचा ऊर भरून आला, आणि रडूही आलं. "बघ, चुकली नाही," असं बायकोला सांगून तो पिठाचे हात उगाचच पुसत बसला.

उन्हं कलली तेव्हा गल्लीत पुन्हा बूट वाजले. एकाच माणसाचे. थोरली येत होती, पाठीवर सगळं सामान, उभ्या गाड्यांमधून वाट काढत, पण पाऊल मोडू न देता. तिचं घर हमरस्त्याच्या पलीकडे. ही काही तिची वाट नव्हती. दुकानापुढे येताच तिने मान वळवली आणि सलाम ठोकला.

हवालदाराने गुडघे जमतील तेवढे ताठ केले. पीठ लागलेला हात कपाळाशी गेला.

"तू इकडे कशी?" त्याने विचारलं.

"वळताना चुकले, बाबा."